बिलावर नुसतं ‘आय सेव्हन’ लिहिलं होतं

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात इनवर्ड क्वालिटीला आहे. आलेला माल चलनाशी जुळवायचा, चलन ड्रॉइंगशी जुळवायचं, आणि काही जुळलं नाही तर लाल मार्करची खूण करून तो बाजूला काढायचा, हे माझं रोजचं काम. साधं बेअरिंग आलं तरी त्यावर ६२०५ कोरलेलं आहे का ते आधी बघतो. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला बोअर २५ मिलिमीटर, हे पाठ आहे, तरी मोजायला व्हर्निअर लावतोच. पूर्ण नंबर नसलेला माल मी आत घेत नाही. आणि २०२४ च्या दसऱ्याला मीच ४६ हजार रुपयांचा कॉम्प्युटर, त्याच्या प्रोसेसरचा, म्हणजे मुख्य चिपचा, नंबर न तपासता घरी आणला. त्यात आमची कशी फसवणूक झाली ते सगळं लिहितो आहे, कारण ज्या वस्तू आमच्या गळ्यात मारल्या त्या आज पुन्हा नाशिकच्याच बाजारात कुठेतरी आहेत.

कॉम्प्युटर धाकट्या भावासाठी होता. तो बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला गेम खेळता खेळता मराठीत बोलत लाइव्ह स्ट्रीम करायचं होतं. नुसता हट्ट नव्हता. दोन लग्नसराया केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम करून त्याने १६ हजार साठवले होते. उरलेले ३० हजार माझ्या भिशीचे. मॉनिटर घरात जुना होता, त्यामुळे बाकीचंच घ्यायचं होतं.

दुकान शहराच्या मध्यवस्तीतलं आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याशी लेखी तडजोड झाली आहे आणि त्याबद्दल पुढे सांगतो. भावाने मोबाइलवर बघून ठरवलं होतं की सहा कोअरचा, म्हणजे एकाच वेळी काम करणारे सहा भाग असलेला, इंटेलचा आय फाइव्ह किंवा एएमडीचा रायझन फाइव्ह प्रोसेसर घ्यायचा. दुकानदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊ, नुसतं खेळायचं असतं तर आय फाइव्ह दिला असता. पण स्ट्रीमिंग करायचंय ना? खेळाचा लोड वेगळा, व्हिडिओचा लोड वेगळा. आय फाइव्ह अडकेल आणि सहा महिन्यांनी तुम्ही मलाच शिव्या द्याल. आय सेव्हन घ्या. आठ कोअर. त्याच पैशात बसवतो.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटलं. स्ट्रीमिंग करताना गेमचं चित्र सतत व्हिडिओमध्ये बदलून इंटरनेटवर पाठवावं लागतं. हे काम प्रोसेसरकडून करून घेतलं तर त्याच्यावर ताण येतोच. पण जीटीएक्स १६५० सारख्या ग्राफिक कार्डात या कामासाठी वेगळा भाग असतो, त्याला एनव्हेंक म्हणतात. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो निवडला की व्हिडिओ बनवण्याचं बहुतेक ओझं कार्ड उचलतं आणि प्रोसेसर गेमसाठी मोकळा राहतो. आम्हाला दिलेलं कार्ड १६५० च होतं आणि ते खरं निघालं. म्हणजे ज्या कारणासाठी त्याने आम्हाला आय फाइव्हवरून हलवलं, ते कारण त्याच्याच हातातल्या कार्डाने संपवलेलं होतं. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

काउंटरवर निळा खोका होता, त्यावर मोठ्या अक्षरात आय सेव्हन. भावाने तो हातात घेऊन बघितला. “वॉरंटीसाठी खोका दुकानातच ठेवतो, तीन वर्षं काही झालं तर इथेच या,” असं सांगून त्याने तो परत घेतला. भावाला खोका हलका लागला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. मोठ्यांच्या व्यवहारात मध्ये कसं बोलायचं म्हणून तेव्हा तो गप्प बसला.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल. ४६ हजारांवर ८,२८० रुपये होतात. आमच्याकडे ते नव्हतेच. मग एस्टिमेटच्या वहीतला एक कागद फाडून दिला. त्यावर पहिली ओळ अशी होती: “आय७ प्रोसेसर + बोर्ड + १६ जीबी रॅम – २६,०००.” तीन वस्तू, एक किंमत, आणि एकाही वस्तूचा मॉडेल नंबर नाही. खाली ४ जीबी ग्राफिक कार्ड ९,५००, एसएसडी ३,०००, कॅबिनेट आणि एसएमपीएस ५,०००, कीबोर्ड-माउस-हेडफोन २,५००. असं चलन कारखान्याच्या गेटवर आलं असतं तर मी गाडी खाली करू दिली नसती. पण त्या दिवशी सणाची गर्दी होती, भावाच्या चेहऱ्यावरचा आनंद होता, आणि या वस्तूंना माझ्या बेअरिंगसारखाच पूर्ण नंबर असतो हे मला ठाऊकच नव्हतं. ‘आय सेव्हन’ हाच नंबर, अशी माझी समजूत होती.

निघण्याआधी त्याने मशीन चालू करून स्क्रीनवर माहितीची खिडकी उघडली. “बघा, इंटेल कोअर आय सेव्हन, १६ जीबी. फोटो काढून ठेवा.” मी काढला.

घरी पवननगरला आल्यावर आईने कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, वर आपट्याचं पान ठेवलं. आमच्या घरात दसऱ्याला माझं व्हर्निअर आणि वडिलांचे पाने-स्क्रूड्रायव्हर पूजेला असतात, त्यांच्या शेजारीच तो ठेवला होता.

रात्री गेम डाउनलोड झाला आणि सुरूच होईना. व्हॅलोरंट उघडला की ‘व्हॅन ९००१’ असा संदेश येऊन बंद पडायचा. भावाने दोन दिवस इंटरनेटवर शोधून नाना उपाय केले. विंडोज ११ वर हा गेम चालायला मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट लागतं. त्याने बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन शोधलं तर टीपीएमचा पर्यायच नाही. “दादा, नवीन बोर्डात हे नसेल असं होतच नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, दुकानदाराला विचारू. फोनवर उत्तर आलं, “काही नाही भाऊ, विंडोज १० टाकून देतो, सगळं पळेल.” आणि त्याने टाकून दिलंही. गेम सुरू झाला. मलाही वाटलं, मिटलं.

पण खेळताना स्ट्रीम चालू केली की चित्र दचकायचं. समोर शत्रू आला की क्षणभर सगळं थिजायचं. मित्र कॉलवर सांगायचे, तुझा आवाज तुटतोय. भावाने गेमची सेटिंग खाली आणली, ब्राउझर बंद केला, कॅमेरा काढून टाकला. मी रात्रपाळीहून यायचो तेव्हा तो अजून त्या स्क्रीनपुढेच बसलेला असायचा. आपल्यालाच नीट करता येत नाही असं त्याला वाटत होतं, आणि मला हे आजही सगळ्यात जास्त लागतं. खोटी वस्तू देणारा सुटतो आणि पोरगं स्वतःलाच दोष देत बसतं.

शेवटी नाशिकरोडला राहणारा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करणारा मावसभावाचा एक मित्र रविवारी घरी आला. त्याने कॅबिनेट उघडायच्या आधी टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या पानावर कोअर चार, लॉजिकल प्रोसेसर आठ. म्हणजे कोअर चारच. आठ हा थ्रेडचा, म्हणजे ते कोअर मिळून एका वेळी हाताळतात त्या कामांचा आकडा, आणि दुकानात तोच कोअर म्हणून सांगितला गेला. मग त्याने सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यात पूर्ण नाव आलं: कोअर आय७-३७७०. सॉकेट ११५५. बोर्डाचा चिपसेट एच६१, कंपनीचं नाव नाही. रॅम डीडीआर३.

“हा प्रोसेसर २०१२ चा आहे,” तो म्हणाला. “ऑफिसांचे जुने डेस्कटॉप निघतात ना भंगारात, त्यातला. बोर्ड चीनहून येतो तसला. सगळं मिळून चार-पाच हजारांचा माल.”

मी मोबाइल काढून दसऱ्याचा फोटो उघडला. ‘आय७’ च्या पुढे छोटी आडवी रेघ आणि त्यापुढे ३७७० हे चार आकडे स्वच्छ दिसत होते. महिनाभर ते माझ्या खिशातच होते.

त्या दिवशी त्याने मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. डेस्कटॉपच्या कोअर आय मालिकेत त्या रेघेपुढचा आकडा बघायचा. चार आकडे असतील तर पहिला आकडा पिढी सांगतो, पाच असतील तर पहिले दोन. ३७७० म्हणजे तिसरी पिढी. १२४०० म्हणजे बारावी. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही त्या त्या पिढीतली प्रतवारी आहे. तिसऱ्या पिढीचा आय सेव्हन आणि बाराव्या पिढीचा आय थ्री यांची तुलना त्या नावावरून करताच येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय३-१२१००एफ घ्या. त्यालाही चारच कोअर आणि आठच थ्रेड. गिगाहर्ट्झचे आकडेही फार लांब नाहीत, ३७७० चे ३.४ ते ३.९ आणि याचे ३.३ ते ४.३. तरी गेममध्ये हा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. मला हे कोडं वाटलं, मग मशीनवरून उलगडलं. दोन व्हीएमसीचे, म्हणजे धातू कापणाऱ्या मशीनचे, स्पिंडल एकाच आरपीएमला फिरत असले तरी एक दर फेऱ्याला किती फीड घेतं, म्हणजे कापत किती पुढे सरकतं, आणि दुसरं किती, त्यावर जॉब किती मिनिटांत उतरणार ते ठरतं. गिगाहर्ट्झ म्हणजे आरपीएम. दर फेऱ्यातलं काम पिढीगणिक वाढत गेलं आहे आणि ते कुठल्याही खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं नसतं.

विंडोज ११ चंही तसंच. मायक्रोसॉफ्टच्या यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत. दुकानाने ती तपासणी चुकवून विंडोज ११ बसवलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला मशीन नवीन वाटावं. आणि ‘सगळं पळेल’ म्हणून दिलेल्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. आमचं मशीन विकत घेतलं त्या दिवशीच त्याला एका वर्षाची मुदत लागलेली होती.

दुकानात गेलो. त्याने आवाज चढवला नाही, हसून म्हणाला, “मी आय सेव्हन सांगितला, आय सेव्हन दिला. तुम्हाला स्क्रीनवर दाखवला, तुम्ही फोटो काढला. कुठली पिढी ते तुम्ही विचारलंच नाही.” क्षणभर मलाही वाटलं की याचं बरोबर आहे. मग भावाने मोबाइल पुढे केला. पैसे देण्याच्या आदल्या दिवशी त्याने दुकानाच्या नंबरवर विचारलं होतं, “सगळं नवीन आहे ना?” आणि उत्तर होतं, “हो, सगळं सीलपॅक, ३ वर्ष वॉरंटी.” २०१२ चा, कुणाच्या तरी मशीनमधून काढलेला प्रोसेसर सीलपॅक कसा असेल? खोकाबंद नव्या प्रोसेसरला इंटेल तीन वर्षांची वॉरंटी देते, आणि त्या खोक्यावर क्रमांक छापलेले असतात, ज्यांवरून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासता येते. मी म्हटलं, तो निळा खोका द्या, आत्ता इथेच तपासू. खोका निघाला नाही.

त्या एका ओळीच्या मेसेजवर पुढचं सगळं उभं राहिलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली. ओळखीच्या एका वकिलांनी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दाखवला. जुनी किंवा पुन्हा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि बिल न देणं हीसुद्धा. मी एस्टिमेटचा कागद, तो मेसेज, यूपीआयने भरलेल्या पैशांची नोंद आणि सीपीयू-झेडच्या स्क्रीनचे फोटो जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. १६ हजार रोख दिले होते, त्यांचा काहीच पुरावा नव्हता. ३० हजार यूपीआयने गेले होते म्हणून निदान व्यवहार झाल्याचं सिद्ध होत होतं.

सहा आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम परत द्या, १५ हजार देतो, आणि ‘आता तक्रार नाही’ असं लिहून द्या. २६ हजार घेतले होते. मी थकलो होतो, भावाची परीक्षा जवळ आली होती, आणि कोर्टकचेरी म्हटलं की घरात सगळेच धास्तावतात. मी सही केली. ती करायला नको होती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. हे मला सहीच्या आधी माहीत असतं तर मी ११ हजार सोडले नसते. माझ्या आणि भावाच्या घामाचे होते ते.

त्या १५ हजारांत साडेचार हजार घालून आम्ही नवीन वस्तू घेतल्या: आय५-१२४००एफ, एच६१० चिपसेटचा बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम. साडेएकोणीस हजारांत, सीलबंद, पक्क्या बिलासह, जीएसटी धरून. २६ हजारांना जुनं मिळालं होतं त्याच जागी हे बसलं. या वेळी प्रत्येक वस्तूचा पूर्ण नंबर आणि सिरियल नंबर बिलावर घेतला आणि खोका दुकानात माझ्या डोळ्यांसमोर फोडायला लावला.

निवड करताना पाहिलेल्या काही गोष्टी सांगून ठेवतो, कारण नंबरातल्या एका अक्षरानेही माणूस फसतो. १२४००एफ मधला एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये ग्राफिक नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. आमच्याकडे १६५० होतं म्हणून चाललं. कार्ड आत्ता परवडत नसेल त्याने रायझन ५ ५६००जी बघावा, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक आतच आहे. पण कार्ड असताना ‘जी वाला भारी’ म्हणून कोणी तोच देत असेल तर घेऊ नका. साध्या ५६०० ला ३२ एमबी एलथ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, आहे, ५६००जी ला १६, आणि कार्ड लावून खेळताना साधा ५६०० पुढे असतो. फक्त खेळायचं असेल तर आय३-१२१००एफ वरही भागतं. खेळ, ओबीएस, कॉल आणि ब्राउझर एकाच वेळी चालवायचं म्हणून आम्ही सहा कोअरवर गेलो. आणि कोणी स्वस्तात ‘सर्व्हरचा प्रोसेसर, १६ थ्रेड’ म्हणून झिऑन ई५-२६७० दाखवला तर तोही २०१२ चाच आहे, हे लक्षात असू द्या. जुना माल जुना म्हणून, जुन्याच्या भावात घेण्यात काही गैर नाही. मला कोणी चार-पाच हजारांना ३७७० चा संच सांगून दिला असता तर माझी एका शब्दाची तक्रार नसती.

आता भावाची स्ट्रीम रोज रात्री नऊला असते. चित्र दचकत नाही.

पण परत केलेला तो संच माझ्या डोक्यातून जात नाही. दुकानदाराने तो आमच्यासमोरच काउंटरमागच्या फळीवर ठेवला, जिथे विकायच्या बाकीच्या वस्तू होत्या. तो कुणाला तरी पुन्हा ‘आय सेव्हन’ म्हणून जाणार, हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणून आदल्या रात्री घरी तो सुटा करताना मी कारखान्यात नाकारलेल्या मालाला करतो तेच केलं. बोर्डावर रॅमच्या स्लॉटच्या खालच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकाशेजारी, लाल ऑइल मार्करने एक छोटी फुली मारली आहे. अलीकडे नाशिकमध्ये कुणी आय सेव्हनचं मशीन घेतलं असेल तर कॅबिनेटचं झाकण काढून तो कोपरा बघा.